एका वैमानिकाचे तीन निर्णय

डोक्यावरून विमान गर्जना करीत गेले म्हणजे अंगणातला माणूस क्षणभर हातातले काम थांबवितो, मान वर करून पाहतो आणि मनाशी म्हणतो, काय धाडसाचे हे आयुष्य! वैमानिकाच्या जीवनाविषयी सर्वसामान्य माणसाची कल्पना बहुधा या एका क्षणापुरतीच असते. वेग, उंची आणि धोका या तीन गोष्टींपलीकडे ती सहसा जात नाही. वस्तुतः वायुदलात चाळीस वर्षे काढणाऱ्या अधिकाऱ्याचा फारच थोडा काळ आकाशात जातो. उरलेली सारी वर्षे तो जमिनीवरच असतो. नकाशे, अंदाजपत्रके, सुटे भाग, बदल्या आणि बढत्या यांच्याशीच त्याची गाठ असते. त्याच्या आयुष्याला वळण देणारे निर्णयही बहुधा जमिनीवरच घेतले जातात. हैदराबादचे सुपुत्र एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. भारतीय वायुदलाचे प्रमुख म्हणून आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून त्यांचे नाव अनेकांना परिचित आहे. परंतु या दीर्घ सेवेचे मर्म तीन निर्णयांत साठवलेले आहे. त्यांतील पहिला त्यांनी अठराव्या वर्षी घेतला, दुसरा चोविसाव्या वर्षी आणि तिसरा पंचावन्नाव्या वर्षी.

लतीफ यांचा जन्म ९ जून १९२३ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या वेळचे हैदराबाद हे केवळ एका शहराचे नाव नव्हते. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटकाचा काही भाग मिळून झालेले ते हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. निजामाची स्वतःची फौज होती, स्वतःचे चलन होते, स्वतःची आगगाडी होती. सुशिक्षित घराण्यातील मुलाला संस्थानाच्या नोकरीत सन्मानाची जागा मिळणे अवघड नव्हते. निजाम कॉलेजात शिकणाऱ्या लतीफ यांच्यापुढेही हा सरळ मार्ग मोकळा होता.

हैदराबादला विमानांचे नाव मात्र अपरिचित नव्हते, आणि यात इतिहासाची एक गंमत आहे. पहिल्या महायुद्धात निजामाने ब्रिटिश विमानदलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनसाठी विमानांचा खर्च दिला आणि त्या स्क्वाड्रनला हैदराबादचे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाची स्क्वाड्रन अशीच हैदराबादच्या नावाने ओळखली गेली. तिच्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते, आणि 'विश्वासू मित्र' अशा अर्थाचे तिचे ब्रीदवाक्य होते. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी जी घनघोर लढाई झाली, तीत ही स्क्वाड्रन लढली. याचा अर्थ असा, की हैदराबादचे नाव आकाशात पोहोचले होते, परंतु हैदराबादचा माणूस अद्याप तेथे पोहोचला नव्हता. विमाने संस्थानाच्या पैशाची होती आणि वैमानिक मात्र परक्या देशाचे होते.

भारतीय वायुदलाची कायदेशीर स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ चार वापिटी विमानांनिशी त्याची पहिली तुकडी उभी राहिली. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा या दलाजवळ उणीपुरी एक स्क्वाड्रन होती. पुढील पाचसहा वर्षांत ती संख्या नऊवर गेली. या विस्तारासाठी तरुण वैमानिक हवे होते. १९४१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, लतीफ यांनी वायुदलात जाण्याचे ठरविले. हा त्यांचा पहिला निर्णय. वरवर पाहता तो एका तरुणाच्या हौसेचा भासेल. परंतु संस्थानातील सुरक्षित नोकरीऐवजी सबंध देशाच्या दलात भरती होणे याचा अर्थ आपले जग संस्थानाच्या सीमेपलीकडे नेणे असा होता. पंजाबी, बंगाली, मराठी, तामीळ, शीख, पारशी अशा सर्व प्रांतांतील आणि धर्मांतील मुले त्या दलात एका भोजनगृहात बसत आणि एकाच विमानात एकमेकांवर भरवसा टाकून उडत. पुढे १९४७ मध्ये जो प्रश्न उभा राहिला, त्याचे उत्तर लतीफ यांना या सहवासाने आधीच शिकविले असले पाहिजे.

अंबाला येथे शिक्षण घेऊन जानेवारी १९४२ मध्ये ते अधिकारी झाले आणि कराचीच्या किनारी संरक्षण तुकडीत रुजू झाले. तेथे त्यांच्या हाती जी विमाने आली ती वापिटी, हार्ट आणि ऑडॅक्स या जातीची होती. वरखाली पंखांच्या दोन जोड्या, एकच इंजिन, आणि वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर नाही, असे या विमानांचे रूप असे. वापिटीचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आतच असे. आज आगगाडीही काही देशांत त्याहून वेगाने धावते. अशा विमानातून अरबी समुद्रावर गस्त घालावयाची, आणि शत्रूची पाणबुडी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आली आहे काय हे डोळ्यांनी पाहावयाचे. खाली अथांग पाणी, समोर एकाच इंजिनाचा आवाज, आणि तो आवाज थांबला तर उतरावयास जागा नाही. तासन् तास काहीही दिसत नसे. तरीही पुढच्या क्षणी काही दिसेल या सावधपणाने पाहत राहणे हेच त्या कामाचे स्वरूप होते. वैमानिकाचे शौर्य पुष्कळदा अशा कंटाळवाण्या दक्षतेतच असते.

पुढे निवडक भारतीय वैमानिकांना अधिक शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले, त्यांत लतीफ होते. तेथे त्यांनी हरिकेन आणि स्पिटफायर ही त्या काळची नामांकित लढाऊ विमाने हाताळली. १९४४ मध्ये परतल्यानंतर ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन विमानातून जपान्यांविरुद्ध लढले. त्या आघाडीवर भारतीय वैमानिकांचे मुख्य काम टेहळणीचे आणि पायदळाला साहाय्य करण्याचे होते. घनदाट अरण्य, पावसाळ्यातील ढग आणि डोंगरांच्या अरुंद खिंडी यांमधून अगदी खालून उडत शत्रूच्या हालचाली टिपावयाच्या आणि ती माहिती वेळेवर पोहोचवावयाची, यावर हजारो सैनिकांचे प्राण अवलंबून असत. या युद्धातील कामगिरीबद्दल मार्च १९४५ मध्ये भारतीय वायुदलाला 'रॉयल' हे उपपद मिळाले. देश प्रजासत्ताक झाल्यावर, १९५० मध्ये, ते गळून पडले. १९४६ साली लंडनमध्ये विजयसंचलन झाले, त्यात सहभागी झालेल्या भारतीय तुकडीतही लतीफ होते.

यानंतर वर्षभरातच दुसऱ्या निर्णयाची वेळ आली.

१९४७ च्या फाळणीत केवळ भूमीची वाटणी झाली नाही. सैन्याची झाली, आणि वायुदलाचीही झाली. विमाने, कोठारे, हत्यारे, कागदपत्रे यांचे वाटे पडले. कराची, रिसालपूर, कोहाट, पेशावर यांसारखी जुनी आणि सुसज्ज केंद्रे पाकिस्तानात गेली. यंत्रांची वाटणी हिशेबाने करता येते, पण माणसांची करता येत नाही. भारताच्या हद्दीत राहणाऱ्या मुसलमान अधिकाऱ्याला दोहोंपैकी कोणत्याही देशाच्या सेवेत जाण्याचा पर्याय होता. म्हणजे कालपर्यंत एकाच भोजनगृहात बसलेल्या मित्रांपैकी प्रत्येकाला एका कागदावर आपला देश लिहून द्यावयाचा होता.

लतीफ यांच्यापुढील पेच इतरांहून काहीसा निराळा होता, आणि महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील वाचकाला तो चटकन समजेल. १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांची जन्मभूमी भारतातही नव्हती आणि पाकिस्तानातही नव्हती. निजामाने विलीनीकरणास नकार दिला होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकारशी एक वर्षाचा जैसे थे करार झाला, तरी संस्थानात एकीकडे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा आणि दुसरीकडे रझाकारांचे अत्याचार असा संघर्ष पेटलेला होता. अशा वेळी हैदराबादच्या एका मुसलमान अधिकाऱ्याने कोठे जावे? धर्माचे नाव घेऊन बोलावणारा एक देश होता. घराचे नाव घेऊन थांबविणारे संस्थान होते. आणि ज्या दलात त्याने सहा वर्षे काढली होती, ते दल भारताचे होते.

असगर खान आणि नूर खान हे दोघे वायुदलात लतीफ यांचे सहकारी होते. दोघेही पुढे पाकिस्तानी वायुदलाचे प्रमुख झाले. नव्या दलात येण्याविषयी त्यांनी लतीफ यांना सांगून पाहिले. लतीफ यांनी ते मानले नाही. आपल्या दृष्टीने धर्म आणि देश या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत, ही त्यांची भूमिका होती, आणि त्यांनी भारताची निवड केली. ज्यांनी दुसरा मार्ग पत्करला त्यांना दूषणे देण्याचे येथे कारण नाही. प्रत्येकाचे घर, कुटुंब आणि परिस्थिती निराळी होती. परंतु या निवडीची किंमत लक्षात घेतली पाहिजे. नव्या देशातील नव्या दलात अधिकारी थोडे होते, त्यामुळे तेथे बढतीची संधी उघड दिसत होती. भारतात राहणाऱ्या मुसलमान अधिकाऱ्याला मात्र आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल याची खात्री त्या रक्तरंजित दिवसांत कोणी देऊ शकत नव्हते. आश्वासन हाती नसताना केलेली ती निवड होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये, १३ पासून १७ तारखेपर्यंत झालेल्या कारवाईनंतर, हैदराबाद संस्थान भारतात आले. मराठवाडा १७ सप्टेंबर हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो. लतीफ यांच्या दृष्टीने पाहिले तर असे म्हणता येईल, की त्यांची जन्मभूमी त्यांच्यामागून वर्षभराने त्यांच्या देशात आली.

त्यानंतर त्यांच्याकडे चौथ्या स्क्वाड्रनचे आधिपत्य आले. ही स्क्वाड्रन त्या वेळी टेंपेस्ट विमाने उडवीत असे. पंख्याच्या जोरावर चालणाऱ्या लढाऊ विमानांच्या अखेरच्या पिढीतील ते एक दमदार विमान होते. १९५० साली भारत प्रजासत्ताक झाला तेव्हा दिल्लीच्या आकाशात विमानांनी जी मानवंदना दिली, तिचे नेतृत्व लतीफ यांनी केले. तीन वर्षांपूर्वी ज्याच्यापुढे देश निवडण्याचा कागद ठेवला गेला होता, त्याच अधिकाऱ्याच्या मागोमाग प्रजासत्ताकाची विमाने राजधानीवरून गेली.

येथे वायुदलातील अधिकाऱ्याच्या वाटचालीविषयी थोडे सांगितले पाहिजे. फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट आणि स्क्वाड्रन लीडर या पायऱ्यांपर्यंत अधिकारी प्रामुख्याने वैमानिक असतो. विंग कमांडर आणि ग्रूप कॅप्टन झाला म्हणजे तो इतर वैमानिकांचा नायक होतो. त्यावरील एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल आणि एअर मार्शल या पायऱ्यांवर त्याचे उड्डाण कमी कमी होत जाते आणि त्याच्या निर्णयांचा पल्ला वाढत जातो. खालच्या पायरीवर चूक झाली तर एक विमान जाते. वरच्या पायरीवर चूक झाली तर एक पिढी जुन्या विमानांत बसून लढते. म्हणून या अधिकाऱ्यांना निलगिरीतील वेलिंग्टन येथील संरक्षण महाविद्यालयात पाठवून तिन्ही दलांचा एकत्र विचार करावयास शिकविले जाते, आणि परदेशांतील वकिलातींमध्ये नेमून जगातील विमानविद्या कोठे चालली आहे हे पाहावयास सांगितले जाते. लतीफ यांच्या वाट्याला हे दोन्ही अनुभव आले. वॉशिंग्टन येथील भारतीय वकिलातीत ते वायुदलाचे प्रतिनिधी होते.

१९६५ च्या सप्टेंबरात भारत आणि पाकिस्तान यांची वायुदले प्रथमच पूर्ण ताकदीने एकमेकांसमोर उभी राहिली. भारतीय दलाचे प्रमुख अर्जन सिंग होते आणि पाकिस्तानी दलाचे प्रमुख नूर खान. त्याच वर्षी जुलैपर्यंत ते पद असगर खान यांच्याकडे होते. कालच्या सोबत्यांनी उभारलेले दल आज समोर होते. फाळणीने एका घराची दोन घरे केली हे वाक्य आपण सहज उच्चारतो. लतीफ यांच्या पिढीला ते प्रत्यक्ष भोगावे लागले.

१९७१ च्या युद्धाच्या वेळी लतीफ एअर व्हाइस मार्शल होते आणि मुख्यालयात योजना विभागाचे काम पाहत होते. हा विभाग लोकांच्या डोळ्यांपुढे कधी येत नाही. किती स्क्वाड्रन हव्यात, कोणती विमाने किती वर्षांनी बाद होतील, त्यांच्या जागी काय आणावयाचे, वैमानिक किती आणि केव्हा तयार झाले पाहिजेत, याचा हिशेब तेथे चालतो. युद्धकाळात लतीफ यांनी मुख्यालयात बसूनच समाधान मानले नाही. आघाडीवरील स्क्वाड्रनना ते वारंवार भेटी देत असत. पाकिस्तानी सैन्याने पूर्व विभागात शरणागती पत्करली तेव्हा ते शिलाँग येथे होते. पुढे परम विशिष्ट सेवा पदक देऊन त्यांचा गौरव करण्यात आला.

१ सप्टेंबर १९७८ रोजी लतीफ भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. त्यांच्या आधी हे पद हृषीकेश मुळगावकर या मराठी अधिकाऱ्याकडे होते, म्हणून महाराष्ट्राला त्या बदलाचे विशेष औत्सुक्य असणे स्वाभाविक होते. भारताच्या तिन्ही सैन्यदलांपैकी एकाचे प्रमुखपद भूषविणारे लतीफ हे पहिले मुसलमान अधिकारी. या गोष्टीचा उल्लेख नेहमी केला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र तो करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हे पद त्यांना कोणी औदार्याने दिले नाही. सदतीस वर्षांच्या सेवेत, एकेक पायरी चढत, इतर कोणत्याही अधिकाऱ्याप्रमाणे ते तेथे पोहोचले. १९४७ मध्ये त्यांनी देशावर विश्वास टाकला होता. देशाने त्यांच्याकडे केवळ एक अधिकारी म्हणून पाहिले, हेच त्या विश्वासाचे खरे उत्तर होय.

या पदावर येताच तिसरा निर्णय त्यांच्यापुढे उभा राहिला. शत्रूच्या प्रदेशात खोलवर जाऊन मारा करणारे नवे विमान घेण्याचा प्रश्न कित्येक वर्षे रेंगाळत होता. १९५७ च्या सुमारास आलेली कॅनबेरा आणि हंटर विमाने वयाने थकली होती. नव्या विमानासाठी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून बनविलेले जॅग्वार, फ्रान्सचे मिराज आणि स्वीडनचे विगेन अशी नावे पुढे होती. समित्या बसत होत्या, अहवाल येत होते, आणि निर्णय मात्र होत नव्हता. असा विलंब कागदावर निरुपद्रवी दिसतो. परंतु त्याचा भार अखेरीस जुन्या विमानात बसणाऱ्या तरुणावर पडतो. लतीफ यांनी सरकारला या निर्णयाची निकड पटवून दिली, आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये जॅग्वारची निवड जाहीर झाली.

हेच विमान का, हे समजण्यासाठी रडार कसे चालते ते थोडक्यात पाहावे लागेल. रडारच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे, आणि मध्ये डोंगर, टेकड्या असल्यामुळे, दूरवरचे अगदी खालून येणारे विमान त्या लहरींच्या टप्प्यात उशिरा येते. म्हणून शत्रूच्या मुलखात जाणाऱ्या विमानाने जमिनीलगत आणि वेगाने उडावे हे उत्तम. परंतु इतक्या खालून उडताना वैमानिकाला नकाशा पाहावयास सवड नसते. झाडे आणि टेकड्या क्षणात समोर येतात. जॅग्वारमध्ये दोन इंजिने होती, जमिनीलगतच्या दाट हवेत स्थिर राहील अशी घडण होती, आणि आपण कोठे आहोत हे वैमानिकाला सतत सांगणारी यंत्रणा होती. शिवाय करार असा होता, की काही विमाने तयार घ्यावयाची आणि पुढील विमाने बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स कारखान्यात बांधावयाची. म्हणजे विमानाबरोबर ते बांधण्याची विद्याही देशात येणार होती.

जुलै १९७९ मध्ये पहिली जॅग्वार विमाने भारतात आली आणि ती उतरली अंबाल्याला. तब्बल सदतीस वर्षांपूर्वी ज्या ठिकाणी एका तरुणाने वैमानिकाचे शिक्षण पुरे केले होते, त्याच ठिकाणी त्याने आग्रह धरलेली विमाने येऊन टेकली. भारतीय वायुदलाने या विमानाला 'शमशेर' असे नाव दिले. लतीफ निवृत्त झाल्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ या विमानाने देशाची सेवा केली. ज्यांचा जन्मही १९७८ मध्ये झालेला नव्हता असे अनेक वैमानिक त्यातून उडाले. वायुदलप्रमुखाच्या निर्णयाचा पल्ला किती लांब असतो याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. तो आपल्या कारकिर्दीसाठी विमान घेत नाही. नातवंडांच्या वयाच्या मुलांसाठी घेतो.

याच तीन वर्षांत सोव्हिएत रशियाकडून मिग २३ आणि मिग २५ ही विमाने घेण्याचेही ठरले. मिग २५ हे वीस किलोमीटरहून अधिक उंचीवरून, ध्वनीच्या सुमारे पावणेतीन पट वेगाने जाणारे टेहळणीचे विमान होते. ऑगस्ट १९८१ मध्ये ते बरेली येथे वायुदलात दाखल झाले आणि २००६ मध्ये निवृत्त झाले. सेवेच्या अगदी शेवटच्या दिवसांत लतीफ यांनी त्यातूनही उड्डाण केले. ज्या वैमानिकाने उघड्या वापिटीत बसून, तोंडावर वारा घेत, अरबी समुद्रावर गस्त घातली होती, त्याच वैमानिकाने ताशी तीन हजार किलोमीटरच्या घरातील वेग असलेल्या विमानात पाय ठेवला. भारतीय विमानविद्येचा सारा प्रवास एका माणसाच्या सेवाकाळात मावला. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ते निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर त्यांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आला. मार्च १९८२ मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्यांच्या आधीचे राज्यपाल ओम प्रकाश मेहरा हेही वायुदलाचे माजी प्रमुख होते. मलबार हिलवरील राजभवनात लागोपाठ दोन वायुदलप्रमुख येण्याचा हा योग विरळाच. तो काळ राज्याला सोपा नव्हता. मुंबईत गिरणी कामगारांचा प्रदीर्घ संप सुरू होता, आणि १९८४ मध्ये भिवंडी व मुंबई येथे भीषण जातीय दंगली झाल्या. राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे असते. आज्ञा देण्याची सवय असलेल्या सेनानीला ही मर्यादा पाळणे हीदेखील एक शिस्तच असते.

त्यांच्या पत्नी बिल्कीस यांना राजभवन नवे नव्हते. हैदराबादचे विद्वान प्रशासक आणि मुत्सद्दी अली यावर जंग हे त्यांचे वडील. ते १९७१ पासून महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि डिसेंबर १९७६ मध्ये त्याच पदावर असताना त्यांचे निधन झाले. वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेल्या श्रवणविषयक राष्ट्रीय संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. बिल्कीस यांनी राजभवनाच्या हिरवळीवर समाधान न मानता धारावीच्या झोपड्यांतील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी काम केले, पुस्तके लिहिली, आणि २००९ मध्ये पद्मश्री या सन्मानाच्या त्या मानकरी ठरल्या. वडील आणि पती दोघेही राज्यपाल असलेल्या या हैदराबादच्या कन्येने मुंबईची खरी ओळख धारावीत करून घेतली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

एप्रिल १९८५ मध्ये राज्यपालपदाची मुदत संपवून लतीफ फ्रान्समध्ये भारताचे राजदूत म्हणून गेले आणि १९८८ मध्ये हैदराबादला परतले. ज्या शहरातून ते अठराव्या वर्षी निघाले होते, त्याच शहरात त्यांनी उरलेले आयुष्य घालविले. २०१७ मध्ये बिल्कीस यांचे निधन झाले. काही महिन्यांनी, एप्रिल २०१८ च्या अखेरीस, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, लतीफ यांनी हैदराबाद येथेच देह ठेवला.

दरम्यान ते शहर बदलले होते. हैदराबादजवळ दुंडिगल येथे वायुदलाची प्रबोधिनी उभी राहिली. ऑक्टोबर १९६७ मध्ये तिची कोनशिला राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या हस्ते बसविण्यात आली, आणि झाकिर हुसेन यांचा जन्मही हैदराबादचाच. १९७१ पासून तेथे शिक्षण सुरू झाले. १९४१ साली हैदराबादच्या मुलाला वैमानिक होण्यासाठी अंबाल्याला जावे लागले. आता अंबाल्याच्या, कोल्हापूरच्या, गुवाहाटीच्या मुलाला त्यासाठी हैदराबादला यावे लागते. मुलींनाही यावे लागते. जून २०१६ मध्ये देशातील पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांना अधिकारपदे मिळाली ती दुंडिगललाच, आणि ते घडले तेव्हा लतीफ हयात होते.

या मुलामुलींना प्रबोधिनीत वाऱ्याची दिशा, इंजिनाची रचना आणि नकाशाचे वाचन शिकविले जाते. देश म्हणजे काय, हा विषय मात्र वेगळ्या तासिकेत शिकविता येत नाही. निरनिराळ्या घरांतून आलेली माणसे एकत्र बसतात, एकत्र उडतात आणि एकमेकांच्या हाती आपले प्राण सोपवितात, तेव्हा तो आपोआप शिकला जातो. इद्रिस हसन लतीफ तो असाच शिकले, आणि कागदावर लिहून देण्याची वेळ आली तेव्हा त्यांना उत्तर शोधावे लागले नाही.